सामाजिक नियंत्रण : दंडन्याययंत्रणेच्या मर्यादा

सामाजिक नियंत्रण : (दंडन्याययंत्रणेच्या मर्यादा). समाजातील व्यक्तींचे व गटांचे वर्तन समाजमान्य नियमांच्या चौकटीत राहावे म्हणून जी साधने व संस्था कार्य करतात, त्यांच्या एकत्रित व्यापाराला सामाजिक नियंत्रण म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस याने १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथामुळे रूढ झाली. नियंत्रणाचे सामान्यतः दोन प्रकार मानतात : कुटुंब, शेजार, जात वा जमात, धर्म, रूढी, लोकमत, लोकलज्जा इत्यादींच्या द्वारा होणारे अनौपचारिक नियंत्रण आणि कायदा, पोलीस, न्यायालय, तुरुंग इत्यादींच्या द्वारा होणारे औपचारिक नियंत्रण. दुसऱ्या प्रकारात गुन्ह्याचा तपास, अभियोग, न्यायनिवाडा व शिक्षेची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थांची जी साखळी असते, तिला दंडन्याययंत्रणा असे म्हणतात.

गुन्हे वाढले, की ही यंत्रणा अधिक बळकट करावी, शिक्षा अधिक कडक कराव्यात, अशी मागणी सर्वत्र होते. तथापि समाजात जी सुव्यवस्था प्रत्यक्ष नांदते, तिचा फार थोडा भाग दंडाच्या भयाने निर्माण झालेला असतो. बहुसंख्य माणसे चोरी करीत नाहीत ती पोलिसांच्या धाकाने नव्हे, तर चोरी करणे त्यांना लाजिरवाणे वाटते म्हणून. जेथे ही अंतःप्रेरणा व आसपासच्या लोकांचे मत यांचा आधार असतो, तेथे दंडन्याययंत्रणा परिणामकारक ठरते; जेथे तो नसतो, तेथे ती कितीही वाढविली तरी अपुरी पडते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

प्रदेश व पार्श्वभूमी : पूर्वीच्या चांदा जिल्ह्याला १९६४ पासून चंद्रपूर हे नाव मिळाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वभाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनव्याप्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १०,७२,९४२ व घनता दर चौ. किमी.स ७४ होती. त्या वेळी राज्याची सरासरी घनता ३६५ होती. गोंड, माडिया, परधान, कोलाम, हलबा, कंवर इ. जमाती येथे राहतात. मराठीबरोबरच गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली या भाषा बोलल्या जातात. चंद्रपूरचा पश्चिम भाग मात्र कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी व औष्णिक वीजकेंद्र यांमुळे औद्योगिक बनला आहे. एकाच दंडसंहितेला अशा दोन अगदी भिन्न समाजस्थितींत काम करावे लागते.

येथील गोंड राजसत्तेनंतर भोसल्यांचा अंमल आला व १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी केलेला उठाव मोडण्यात येऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यानंतर लवकरच भारतीय दंड संहिता (१८६०) व पोलीस अधिनियम (१८६१) हे कायदे आले. म्हणजे या भागातील लोकांना नव्या दंडन्यायाची पहिली ओळख गावच्या चोर-दरोडेखोरांपासून संरक्षण देणारी संस्था म्हणून न होता, परकी सत्तेचा अंमल बसविणारे साधन म्हणून झाली. संस्थेकडे पाहण्याची समाजाची दृष्टी अशा आरंभीच्या अनुभवातून घडते व ती पुढे सहजासहजी पालटत नाही.

परंपरागत नियंत्रण : गोंड व माडिया समाजांत गावाचा प्रमुख, गायता वा भूमिया आणि वडीलधारे पंच यांच्या बैठकीत तंटे मिटविण्याची रीत आहे. माडिया गावांतील गोटूल हे गावाने एकत्र जमण्याचे ठिकाण होय. अनेक गावे मिळून होणाऱ्या इलाख्याच्या पंचायतीपुढे मोठी प्रकरणे जातात. पळून जाऊन केलेले लग्न, काडीमोड, जमिनीची वा गुरांची तक्रार, मारामारी अशा बाबतींत दोन्ही पक्षांचे म्हणणे भर सभेत ऐकले जाते, दंड ठरविला जातो आणि पुष्कळदा त्या दंडातूनच सर्वांचे एकत्र जेवण होऊन प्रकरण संपते. या पद्धतीचा हेतू अपराध्याला वेगळे काढण्याचा नसून बिघडलेला संबंध पूर्ववत करण्याचा असतो. न्यायालयीन पद्धतीत अपराध हा राज्याविरुद्ध समजला जातो. ज्याचे नुकसान झाले तो तेथे केवळ साक्षीदार ठरतो. अपराधी तुरुंगात गेला तरी पीडित कुटुंबाची गाय परत येत नाही की दोन घरांतील वैर मिटत नाही.

लगतच्या बस्तरमधील मारिया जमातीत घडलेल्या १०० मनुष्यवधांच्या न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे व्हेरिअर एल्विन यांनी लिहिलेला मारिया मर्डर अँड सुइसाइड (१९४३) हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा आहे. घरगुती भांडण, मद्याची नशा, मत्सर, चेटुकाचा संशय अशी कारणे त्यात दिसून येतात. त्याच संस्थानात, त्याच कायद्याखाली राहणाऱ्या इतर गोंड गटांत मनुष्यवधांचे प्रमाण पुष्कळ कमी होते, हे एल्विन यांचे निरीक्षण मननीय आहे. कायदा व शिक्षा सारखीच असता गुन्ह्यांचे प्रमाण भिन्न असेल, तर त्या भिन्नतेचे कारण कायद्यात नव्हे, तर समाजाच्या अंतर्गत घडणीत शोधले पाहिजे.

मर्यादांचे स्वरूप : दंडन्याययंत्रणेच्या मर्यादा पुढीलप्रमाणे सांगता येतील. (१) ती घटना घडून गेल्यावर हालचाल करते. गुन्हा घडण्यापूर्वीची कारणे, म्हणजे दारिद्र्य, बेकारी, व्यसन, अंधश्रद्धा, जमिनीची हानी, तिच्या आवाक्याबाहेर असतात. (२) ती तक्रारीवर अवलंबून असते. जो गुन्हा नोंदविलाच जात नाही, त्याविषयी ती काही करू शकत नाही. (३) पुरावा नसेल तर शिक्षा नाही, हे तिचे मूलतत्त्व आहे. निरपराध्याच्या रक्षणासाठी ते आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे प्रत्यक्ष घडलेल्या अनेक गुन्ह्यांत आरोपी सुटतात. (४) शिक्षेची जरब तिच्या कठोरपणापेक्षा ती मिळण्याची निश्चिती व तत्परता यांवर अवलंबून असते, आणि नेमक्या याच दोन बाबतींत यंत्रणा दुबळी असते. (५) साखळीतील दुवे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पोलिसांचा तपास अपुरा असेल तर न्यायालय तो भरून काढू शकत नाही आणि न्यायालयातील विलंबामुळे तुरुंग भरतात. भारतातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक दोषी ठरलेले नसून खटला चालू असलेले कच्चे कैदी आहेत. (६) यंत्रणेतील माणसेही समाजातूनच आलेली असतात. सत्तेचा दुरुपयोग झाल्यास नियंत्रकाचे नियंत्रण कोणी करावे, हा प्रश्न उद्‌भवतो.

अंतर, भाषा व विलंब : वरील सर्वसामान्य मर्यादा अरण्यप्रदेशात अधिक तीव्र होतात. भामरागड वा सिरोंचा भागातील माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी दीडशे-दोनशे किमी. प्रवास करावा लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटतो. एका तारखेला हजर राहायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. तारीख पुढे ढकलली गेली, तर तो खर्च वाया जातो. ठाण्यातील जबाब मराठीत लिहिला जातो. जबाब देणाऱ्याची भाषा माडिया असेल, तर तो दुभाष्याच्या तोंडून उतरतो आणि सांगणाऱ्याला तो वाचून पडताळता येत नाही. पुढे न्यायालयात साक्ष देताना जबाबाशी विसंगती आढळते व तिचा फायदा आरोपीला मिळतो. किंवा आरोपी स्वतःच अशिक्षित आदिवासी असेल, तर त्याच्याविरुद्ध काय चालले आहे ते त्याला पुरते उमजत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार (१९८७) अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे; पण हक्क असणे आणि जाणता वकील वेळेवर भेटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

देसाईगंज प्रकरण : संरक्षक यंत्रणाच अपराधाचे स्थान बनली तर काय होते, याचे देशभर गाजलेले उदाहरण याच प्रदेशातील आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. मुलीच्या प्रेमसंबंधावरून तिच्या भावाने केलेल्या तक्रारीचे जबाब देण्यासाठी ती मंडळी तेथे आली होती. म्हणजे एरवी घरात वा पंचांपुढे सुटू शकला असता असा तंटा ठाण्यात नेल्यावर हा प्रसंग ओढवला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी केलेली निमूट शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या व आरडाओरडा झाला नव्हता, या गोष्टींना निकालात महत्त्व देण्यात आले.

या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्री-संघटनांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडी वा तत्सम ताब्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा अधिनियमात आली. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यासही मनाई झाली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम या कायद्यांतही ही तत्त्वे कायम आहेत. या प्रकरणाचे दोन अर्थ संभवतात. सहा वर्षे व तीन न्यायालये यांनंतरही त्या मुलीला न्याय मिळाला नाही, ही यंत्रणेची मर्यादा होय. उलट, जागृत लोकमताच्या दडपणाखाली कायदा स्वतःला सुधारू शकतो, हेही त्यातून दिसले. मात्र ती सुधारणा न्यायालयाच्या आतून नव्हे, तर बाहेरून आली.

वनकायदा व गुन्ह्याची व्याख्या : कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आणि लोकांच्या दृष्टीने पाप वा अन्याय, या दोहोंत जितके अंतर अधिक, तितके कायद्याचे बळ कमी. भारतीय वन अधिनियमानुसार (१९२७) राखीव जंगलातून परवान्याशिवाय लाकूड, बांबू वा अन्य उपज नेणे हा अपराध ठरला. ज्यांच्या घराच्या भिंती, टोपल्या, कुंपण व अवजारे पिढ्यान्‌पिढ्या बांबूची होती, त्यांचे नित्याचे जीवनच त्यामुळे अपराधाच्या कक्षेत आले. असा कायदा सर्वांवर बजावणे अशक्य असते. म्हणून तो निवडक लोकांवर बजावला जातो आणि कोणाला धरायचे व कोणाला सोडायचे हे कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहते. मर्जी आली, की कोंबडी, तांदूळ, बिनमोल वेठ यांची वसुली आलीच. १९८० च्या सुमारास या भागात शिरलेल्या सशस्त्र नक्षलवादी चळवळीला प्रथम जो पाठिंबा मिळाला, त्याच्या मुळाशी वनरक्षक व ठेकेदार यांच्याविषयीचा हा राग आणि तेंदूपानाच्या तुटपुंज्या मजुरीचा प्रश्न होता.

वनहक्क मान्यता अधिनियमाने (२००६) बांबूला गौण वनोपज ठरवून ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जी कृती कालपर्यंत अपराध होती, ती हक्क बनली. या गावाने त्याआधीच सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत, अभ्यासगट व जंगलाची राखण यांची घडी बसविली होती. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने स्वतःची नियमावली तयार केली व तेंदूपाने तोडताना फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात म्हणून त्या उत्पन्नावरही पाणी सोडले. बाहेरच्या पहारेकऱ्याला जे दशकानुदशके साधले नव्हते, ते नियम करणारा व नियम पाळणारा एकच झाल्यावर साधले.

दारूबंदीचा अनुभव : मद्यविक्री हा फिर्यादीविना घडणारा गुन्हा आहे, विकणारा व घेणारा दोघेही राजी असल्याने पोलिसांना कोणी कळवीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था व अनेक कार्यकर्ते यांच्या पुढाकाराने व ग्रामीण स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूर ते नागपूर पदयात्रा काढली. प्रदीर्घ चळवळीनंतर १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली. परंतु मे २०२१ मध्ये शासनाने रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर ती उठविली. दारूविषयक गुन्ह्यांची संख्या २०१०–१४ या काळात सुमारे १६ हजार होती, ती २०१५–१९ मध्ये सुमारे ४० हजारांवर गेली, अवैध व बनावट दारू वाढली, असे कारण त्या वेळी देण्यात आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड परिसरात दारूची तस्करी करणाऱ्या वाहनाने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडून ठार केले, ही घटनाही याच काळातील.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. बंदी नसताना जी विक्री कायदेशीर होती, तीच बंदीनंतर गुन्हा ठरली. म्हणून नोंदलेले गुन्हे वाढणे स्वाभाविकच होते. त्यावरून दारू पिण्याचे प्रमाण वाढले की घटले, हे ठरविता येत नाही. आकड्यांतून एवढेच निश्चित दिसते, की मागणी कायम ठेवून केवळ पुरवठ्यावर छापे घातल्यास पोलिसांचा वेळ व बळ त्यातच खर्च होते आणि तस्करीचा नफा वाढतो. गडचिरोलीत बंदी टिकली तीही एकट्या पोलिसांच्या बळावर नव्हे. तेलंगण, छत्तीसगढ व आता पुन्हा चंद्रपूर या बाजूंनी दारू येतच असते आणि मोहफुलांची दारू तर गावातच गाळली जाते. तेथे गावोगावच्या स्त्रियांनी मोहाचा सडवा नष्ट करणे, विक्रेत्याला ग्रामसभेपुढे जाब विचारणे व गावाचा ठराव पाळायला लावणे हे काम केले. २०१६ पासून शासन, ‘सर्च’ व टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात गावसंघटना व पोलीस कारवाई यांना व्यसनोपचाराची जोड देण्यात आली. व्यसनी माणसाला दंड देऊन त्याचे व्यसन सुटत नाही, हे त्यामागील गृहीत आहे. विधींमध्ये मोहाच्या दारूला स्थान असलेल्या समाजात सरसकट बंदी कितपत योग्य, हा वादाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

सशस्त्र संघर्ष व साक्षीदाराचे मौन : नक्षलवाद्यांनी ‘जन अदालत’ भरवून स्वतःची दंडव्यवस्था चालविली. आरंभी तिने तंटे झटपट मिटविले. पण अपिलाची सोय, पुराव्याचे नियम व बचावाची संधी यांवाचूनचा हा न्याय लवकरच धाकाचे साधन बनला. पोलिसांचे खबरे ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची संख्या शेकड्यांत जाते. राज्यानेही सशस्त्र उत्तर दिले. स्थानिक तरुणांतून ‘सी-६०’ हे विशेष पथक १९९० मध्ये उभारण्यात आले. एकट्या २००९ साली मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ व लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. एप्रिल २०१८ मधील कसनासूर व नोव्हेंबर २०२१ मधील मर्दिनटोला येथील चकमकींत नक्षलवाद्यांची मोठी हानी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चळवळीचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

अशा परिस्थितीत फौजदारी खटला जवळजवळ अशक्य होतो. साक्ष द्यावी तर एका बाजूची भीती, देऊ नये तर दुसऱ्या बाजूचा संशय. म्हणून गाव काहीच पाहत नाही व ऐकत नाही. पुराव्याअभावी खटले कोसळतात, तपासाच्या काळातील कैद हीच शिक्षा बनते. गडचिरोली सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली सहा जणांना दोषी ठरविलेल्या एका खटल्यात, उच्च न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी सर्वांची मुक्तता केली. तत्पूर्वी त्यांपैकी एकाचा तुरुंगवासातच मृत्यू झाला होता. पोलिसांनाही या मर्यादेची जाणीव झालेली दिसते. २००३ ची गावबंदी योजना, २००५ चे आत्मसमर्पण धोरण, दुर्गम भागातील पोलीस मदत केंद्रे आणि शासकीय योजनांचे दाखले मिळवून देणारी ‘दादालोरा खिडकी’ हे उपक्रम दंडाचे नसून विश्वास संपादनाचे आहेत. ठाण्याच्या खिडकीत जातीचा दाखला मिळू लागतो, तेव्हा ठाणे प्रथमच गावकऱ्याच्या उपयोगाचे होते. अर्थात इतर खात्यांचे काम पोलिसांना करावे लागणे, हे त्या खात्यांच्या अनुपस्थितीचेही द्योतक आहे.

अनौपचारिक नियंत्रणाची काळी बाजू : वरील विवेचनावरून पंचायतीचा न्याय निर्दोष व शासकीय न्याय सदोष, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. गावातील १५ जणांना अटक झाली. या दोन्ही घटनांत गावाचे नियंत्रण दुबळे नव्हते. उलट ते अतिशय प्रबळ होते व त्यानेच निरपराधांचा घास घेतला. सर्व गाव एकमताने अन्याय करीत असेल, तर दुर्बळाला गावाबाहेरच्या सत्तेवाचून तरणोपाय नसतो. जादूटोणाविरोधी अधिनियम (२०१३) आणि सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा अधिनियम (२०१६) यांचे समर्थन येथेच आहे. पंचांच्या सभेत स्त्रियांना अनेकदा स्थान नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तथापि अटक झाली म्हणून चेटुकावरील विश्वास नाहीसा होत नाही. आजाराचे कारण चेटूक मानणाऱ्या गावात जोवर दवाखाना, औषध व शिक्षण पोहोचत नाही, तोवर पुढच्या मृत्यूला पुन्हा एखादी निराधार स्त्री जबाबदार धरली जाण्याचा संभव राहतो. हेमलकसा येथे १९७३ पासून चालू असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पातील दवाखाना व शाळा यांचे या अर्थाने सामाजिक नियंत्रणातही मोल आहे.

समन्वयाचे प्रयत्न : औपचारिक व अनौपचारिक नियंत्रणांची सांगड घालण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. अनुसूचित क्षेत्रांना पंचायत कायदा लागू करणाऱ्या १९९६ च्या अधिनियमाने (पेसा) तंटे सोडविण्याच्या रूढ पद्धतीचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने किरकोळ तंटे गावातच मिटविण्यास उत्तेजन दिले. परिवीक्षा अधिनियमाने (१९५८) पहिल्या वा सौम्य अपराधाबद्दल तुरुंगाऐवजी देखरेखीची सोय केली आहे. अशा योजनांत एक धोका संभवतो : पारितोषिकासाठी गाव तंटामुक्त दाखविण्याच्या भरात दुर्बळाची, विशेषतः स्त्रीची, तक्रार दाबली जाऊ शकते. म्हणून कोणते तंटे गावात मिटवायचे व कोणते अपराध न्यायालयातच गेले पाहिजेत, याची सीमारेषा स्पष्ट असणे आवश्यक आहे. मालमत्ता, गुरे, वाटणी, भांडणे यांबाबत तडजोड इष्ट होय. पण मनुष्यवध, बलात्कार, चेटुकाच्या नावाखालील छळ व बहिष्कार यांबाबत तडजोड म्हणजे अपराधाला मान्यताच होय.

सारांश, दंडन्याययंत्रणा ही सामाजिक नियंत्रणाची अखेरची तटबंदी आहे, पाया नव्हे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या अनुभवावरून असे दिसते, की जेथे कायद्याने लोकांचे जगणेच अपराध ठरविले, तेथे यंत्रणा वाढूनही सुव्यवस्था आली नाही. आणि जेथे लोकांना नियम करण्याचा अधिकार व जबाबदारी मिळाली, तेथे पहारेकऱ्यावाचून जंगल राखले गेले. त्याचबरोबर देसाईगंजच्या ठाण्यातील मुलगी व बारसेवाड्यातील दोन बळी यांची उदाहरणे सांगतात, की ठाण्यावर लोकमताचा आणि गावावर कायद्याचा अंकुश असला पाहिजे. या दोन अंकुशांपैकी एकही सुटला, तर त्याची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते.